जोखमीचा आकडा कसा वाचावा



पनवेल, उरण, कर्जत या बाजूच्या गावांतून हृदयाचा रोगी पुष्कळदा नवी मुंबईला नेतात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. जिथे भातखाचरे आणि मिठागरे होती, तिथे आज वाशी, नेरूळ, बेलापूरच्या रुग्णालयांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार होतात. अँजिओग्राफी झाली, की डॉक्टर घरच्या माणसांना आत बोलावतात आणि सांगतात, "बायपास करावी लागेल. जोखीम शेकडा तीन आहे." मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. थोरला म्हणतो, तीन म्हणजे काहीच नाही. धाकटा म्हणतो, पण ते तीन आपलेच निघाले तर? आणि सही तर लवकर करायची असते. म्हणून हा आकडा येतो कुठून आणि तो सांगतो काय, हे घरी स्वस्थ बसलेले असतानाच समजून घेतलेले बरे.

आधी उपचारांविषयी दोन शब्द. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. त्यावर मुख्य इलाज दोन. पहिला अँजिओप्लास्टी. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी आत नेतात, फुग्याने वाट रुंद करतात आणि तिथे स्टेंट म्हणजे जाळीची नळी बसवतात. १९७७ साली झुरिक शहरात आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी हा उपचार प्रथम केला. दुसरा इलाज बायपास. पायातली किंवा छातीतली रक्तवाहिनी घेऊन अडलेल्या जागेला वळसा घालणारी नवी वाट जोडतात. रस्ता खचला की आपण बाजूने वळणरस्ता काढतो ना, तसेच हे.

आता तो आकडा. १९९५ साली युरोपातील आठ देशांत हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १९,००० रोग्यांच्या नोंदी गोळा करण्यात आल्या. त्यांतले कोण वाचले, कोण दगावले आणि त्यांची आधीची प्रकृती कशी होती, हे ताडून १९९९ साली 'युरोस्कोर' नावाची गुणपत्रिका तयार झाली. शाळेत गुण वाढले की पेढे. इथे मात्र उलटे, गुण वाढले की काळजी. साठीनंतर दर पाच वर्षांना, पाचाचा तुकडा असला तरी, एक गुण. रोगी स्त्री असेल तर एक. गेल्या तीन महिन्यांत झटका येऊन गेला असेल तर दोन. पूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तीन. अशा एकंदर सतरा बाबी.

समजा, सदुसष्ट वर्षांच्या आजी आहेत. महिन्यापूर्वी झटका येऊन गेला, बाकी सारे ठीक. वयाचे दोन, स्त्री म्हणून एक, झटक्याचे दोन. झाले पाच. त्या युरोपातील नोंदींत दोनपर्यंत गुण असलेल्या शंभर रोग्यांत साधारण एक दगावला होता, तीन ते पाच गुणांच्या शंभरांत तीन आणि सहा किंवा त्याहून अधिक गुण असलेल्या शंभरांत अकरा.

हे 'शंभरांत तीन' कसे समजायचे? आपल्या गावची पैसेवारी आठवा. पैसेवारी पन्नासच्या आत आली, तरी एखाद्याचे खाचर भरघोस पिकलेले असते. सत्तर पैशांच्या गावातही कुणाचे शेत साफ बुडालेले असते. पैसेवारी गावाची असते, आपल्या एकट्याच्या शेताची नसते. हा आकडाही तसाच. आजींसारख्या शंभर आजींचे काय होईल, एवढेच तो सांगतो. त्यांतल्या तीन कोणत्या, हे त्याला ठाऊक नसते. त्याला जन्मपत्रिका समजून कुणी घाबरू नये आणि कुणी निर्धास्तही होऊ नये.

शिवाय माप कुठले आणि केव्हाचे, हेही पाहावे लागते. पहिल्या युरोस्कोरमध्ये मधुमेहाला एकही गुण नव्हता. आणि आपल्याकडे तर मधुमेह घरोघरी! पुढे शस्त्रक्रिया सुधारल्या, आणि ते जुने माप धोका फुगवून सांगू लागले. म्हणून ४३ देशांतील २२,००० हून अधिक रोग्यांच्या नोंदींवरून २०१२ साली सुधारलेले माप आले. त्यात इन्सुलिन घेणाऱ्या रोग्यांचा विचार केलेला आहे. तरीही दुसऱ्याच्या पायलीने आपले धान्य मोजायचे, तर ती पायली आधी आपल्याकडे तपासून घ्यावी लागते. तेच इथेही.

आणखी एक आकडा कानावर येईल, तो 'सिंटॅक्स स्कोर'. हा रोग्याचे वय विचारत नाही. अँजिओग्राफीत दिसणारे अडथळे किती, कुठे आणि किती अवघड, एवढेच मोजतो. बावीसपर्यंत कमी, तेहतीसपासून पुढे जास्त. तिन्ही मुख्य वाहिन्या किंवा डावी मूळ वाहिनी अडलेल्या १,८०० रोग्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात जास्त गुणांच्या रोग्यांना स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरली. म्हणजे पहिला आकडा सांगतो, शस्त्रक्रिया कितपत झेपेल. दुसरा सांगतो, दोहोंपैकी वाट कोणती बरी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उपचाराची जोखीम आपण ऐकतो, पण उपचार न करण्याची जोखीम विचारतच नाही. अकरा हा आकडा ऐकून रोग्याला परत घरी आणतात, जणू घरी जोखीम शून्यच आहे! ती तशी नसते. ज्यांचे गुण जास्त, त्यांचे हृदय पुष्कळदा इतके थकलेले असते, की इलाजाविना त्यांचीच अवस्था अधिक कठीण होते. कधी औषधांवर राहणेच शहाणपणाचे ठरते, हेही खरे. पण ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावरच ठरवता येते.

तेव्हा डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारा. हा आकडा कोणत्या मापाने काढला? उपचार केला नाही तर काय होईल? तुमच्या रुग्णालयात अशा रोग्यांचा अनुभव काय? आणि शस्त्रक्रियेला आठ-पंधरा दिवसांचा अवकाश असेल, तर तेवढ्यात आम्ही काय सुधारू शकतो? वय कमी करता येत नाही. पण विडी-तंबाखू बंद करता येते, साखर ताब्यात आणता येते, छातीतला कफ आणि अंगातले रक्त यांकडे लक्ष देता येते.

मात्र छातीत दाबल्यासारखे दुखू लागले, दरदरून घाम फुटला, तर हिशेब करीत बसू नका. १०८ ला फोन करा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात कागद वाचून घ्यायला माणसे तुमच्याकडे येतात. वर्गात तुम्ही शेकडेवारी शिकवताच. तीच फळ्यावर अशी मांडा: शंभर ठिपके काढा, त्यांतले तीन खोडा आणि उरलेले सत्त्याण्णव मुलांना मोजायला सांगा. त्या मुलांपैकी कुणाला पुढेमागे आपल्या आजीच्या कागदावर सही करावी लागेल. तेव्हा त्याला विचारायचे काय, हे ठाऊक असेल.