मोटारीचें सुकाणूं : घरची दुरुस्ती व तिची मर्यादा

रत्नागिरीहून कोल्हापुरास निघालेली मोटार साखरपा मागें टाकून आंबा घाट चढूं लागली, कीं चालविणाऱ्याची सारी भिस्त हातांतील चक्रावर येऊन पडते. इंजिन बंद पडलें तर मोटार थांबवितां येते. ब्रेक मंदावले तर गिअरच्या आधारें वेग आवरतां येतो. परंतु सुकाणूंच निसटलें तर वळणावर कांहींच हातीं उरत नाहीं. सुदैवानें हें संकट बहुधा आधीं वर्दी देऊन येतें. ती वर्दी ओळखून जीर्ण सांधा वेळींच बदलणें हें दक्ष गृहस्थाच्या आटोक्यांतील काम आहे.

चक्राचा दांडा खालीं दात्यांच्या यंत्रास जोडलेला असतो. जुन्या पद्मिनी मोटारींत हें यंत्र पेटीच्या रूपाचें होतें. मारुती ८०० मध्यें दात्यांची सरळ पट्टी होती. दोहोंतहि चाकांकडे जाणाऱ्या सळईस टाय रॉड म्हणतात. तिच्या टोकाशीं, खांद्याचें हाड खोबणींत फिरावें तशी, एक पोलादी गोळी वाटींत फिरते. आंत ग्रीस व वर रबरी टोपण असतें.

या टोपणाचा खरा शत्रु कोंकणची हवा. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. टोपण फाटलें कीं पाणी व जांभ्याची तांबडी धूळ आंत शिरते, ग्रीस धुऊन जातें आणि गोळी झिजूं लागते. मग चक्र थोडें फिरूनहि चाक हालत नाहीं, खड्ड्यांत खडखड ऐकूं येते, टायर एकाच कडेनें झिजतो.

परीक्षेसाठीं मोटार सपाट, टणक जागीं उभी करावी. मागील चाकांस अडण्या लावाव्या, चाकाचे नट सैल करावे आणि मगच जॅकनें पुढचें चाक उचलावें. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीहि मोटारीखालीं हात घालूं नये. मजबूत लोखंडी स्टँड अवश्य लावावा. अंगणांत पडलेला जांभ्याचा चिरा आधारास कदापि घेऊं नये, कारण भार एका ठिकाणीं येतांच तो फुटूं शकतो. आतां घड्याळांतील नऊ व तीन या जागीं चाक धरून हालवावें. सांध्यांत हिसका जाणवला तर तो झिजला असें समजावें. बारा व सहा या जागीं हिसका असेल, तर दोष दुसऱ्या सांध्यांत अगर चाकाच्या बेअरिंगमध्यें असण्याचा संभव अधिक.

चाक काढल्यावर कॉटर पिन व नट काढावा. गोळीचा निमुळता खिळा स्टिअरिंग आर्ममध्यें घट्ट बसलेला असतो. तो पुलरनें सोडवावा, आट्यांवर हातोडी मारूं नये. लॉक नट सैल करून जुना सांधा फिरवीत काढतांना किती फेरे झाले तें कागदावर लिहून ठेवावें, आणि नवा सांधा तितकेच फेरे देऊन बसवावा. नट किती आवळावा हें कंपनीच्या पुस्तकांत पाहावें. पिनेचें भोंक जुळत नसेल तर नट किंचित् अधिक आवळावा, सैल करूं नये. पिन नेहमीं नवी घालावी. चार पैशांच्या त्या तारेवर घरच्या माणसांचा जीव अवलंबून असतो.

येथें घरचें काम संपतें. फेरे मोजले तरी चाकांची दिशा अचूक जुळतेच असें नाहीं. म्हणून सावकाश जवळच्या कारखान्यांत जाऊन अलाइनमेंट करून घ्यावें. दात्यांच्या यंत्रांतच दोष असेल किंवा आर्म वांकला असेल, तर काम जाणत्या मिस्त्रीकडे सोंपवावें. स्वतःच्या हातीं कौशल्य असणें ही भूषणाची गोष्ट खरी. पण तें कौशल्य कोठें अपुरें पडतें हें ओळखणाराच घाट निर्धास्तपणें उतरतो.