दहापर्यंत मोज

श्रोतेहो, पिसाळलेले कुत्रे चावल्यावर पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, ही गोष्ट तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करीत. रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला, आणि टोचलेली जागा सुपारीएवढी सुजून येई. मी त्या चौदाही घेतल्या आहेत. साल १९६३, माझे वय नऊ.

कुत्र्याने पोटरी धरली तेव्हा शेजारच्या म्हातारीने जखमेवर मिरचीची पूड दाबली. वडिलांनी मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेची एस. टी. धरली आणि मला जिल्ह्याच्या गावी नेले. वाटेत कुणीतरी माझ्यादेखत म्हणाले, "सुई वीतभर असते हो." झाले! दवाखान्याच्या पायरीवरच मी खांबाला मिठी मारली. दोन शिपायांनी उचलून आत नेले, टेबलावर दाबून धरले. एकाच्या मनगटाला मी कडकडून चावलो. तो ओरडला, "पोरगं पिसाळलं की काय!"

तेवढ्यात एक नर्सबाई आल्या. त्या म्हणाल्या, "सोडा त्याला." शिपाई बाजूला झाले. बाईंनी उकळत्या पाण्यातून चिमट्याने सुई काढली, निवू दिली, माझ्यासमोर धरली. वीतभर नव्हती, माझ्या बोटाएवढीसुद्धा नव्हती.

"दुखेल का?" मी विचारले.

"दुखेल. खोटं कशाला सांगू? पण तू दहा म्हणेपर्यंत संपेल. पोट सैल सोड, आवळलंस तर जास्त दुखेल. आज डावीकडे टोचू का उजवीकडे?"

आता बघा, सुई चुकणार नव्हतीच. पण डावे की उजवे, हे ठरविणे माझ्या हाती आले. मी म्हणालो, "उजवीकडे." आणि मोजू लागलो. सातला सुई बाहेर आली. पुढचे तीन आकडे मी उगाच ऐटीत म्हटले.

आम्ही धर्मशाळेत उतरलो होतो. रोज सकाळी बाई विचारीत, "आज कुठली बाजू, मालक?" आठव्या दिवशी त्यांची सुट्टी होती. दुसऱ्या माणसाने काही न विचारता टोचले आणि मी रडलो. नवव्या दिवशी शरमेने मान खाली घालून उभा राहिलो, तर बाई म्हणाल्या, "रडलास ना? दुखलं की माणूस रडतं. चल, बाजू सांग."

पुढे मी शाळामास्तर झालो. १९७४ साली देवी टोचणारे शाळेत आले, तेव्हा चौथीची निम्मी पोरे खिडकीतून पसार झाली. शिक्षकबंधूंनो, आपण अशा वेळी काय करतो? "मुंगी चावल्यासारखं होतं," म्हणून ठोकून देतो. पोर एकदा फसते, दुसऱ्यांदा आपल्या हाती लागत नाही. मी खरे सांगितले, "दुखेल," आणि सगळ्या वर्गाकडून दहापर्यंत मोजून घेतले. मग खिडकीबाहेरचीही एकेक करून आत आली. मोजण्याची गंमत हुकू नये म्हणून असेल.

त्या जुन्या लशीचे उत्पादन आपल्या देशात २००४ च्या अखेरीस थांबले. आता नवी लस दंडात टोचतात, तीही चार-पाच वेळाच. जखम खोल असेल तर जखमेतच आणखी एक औषध भरतात. मिरची, चुना काही लावू नका. आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवा आणि तसेच दवाखाना गाठा. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही, म्हणून उद्यावर टाकू नका. आणि बरोबर पोर असेल तर वाटेत त्याला सुईच्या लांबीच्या गोष्टी सांगू नका!

चौदाव्या दिवशी वडिलांनी बाईंपुढे भुईमुगाच्या शेंगांचे गाठोडे ठेवले. त्यांनी मूठभर घेतल्या, बाकीच्या रांगेतल्या पोरांत वाटायला मला सांगितले. त्यांतल्या एका रडणाऱ्या पोराच्या ओंजळीत शेंगा घालताना मी त्याला म्हणालो, "दुखतं. पण दहापर्यंत मोज." बाईंचे नाव विचारायचे मात्र राहूनच गेले. सगळे त्यांना नुसते 'सिस्टर' म्हणत.