‘झाला नसता तर’चा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही. दरवर्षी जानेवारी आला की गिरणगावात एक वाक्य हमखास कानी पडते : तो संप झाला नसता तर! त्या वाक्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

ते मी तटस्थपणे ऐकू शकत नाही. माझे वडील एका गिरणीत साचेखात्यात होते आणि मी तेव्हा अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होतो. संपाच्या चौथ्या महिन्यात घरातली तांब्यापितळेची भांडी विकली गेली. त्या रात्री वडिलांनी विचारले, “तू शिकलेला आहेस. सांग, जाऊ का कामावर?” 1974 चा संप 42 दिवस चालला होता, या वेळी मालकांना आता आणखी फार काळ तग धरता येणार नाही, हे मी त्यांना कागदावर आकडे मांडून पटविले. ते कामावर गेले नाहीत. पुढच्या वर्षी बिऱ्हाड गुंडाळून गावी गेले. माझा हिशेब चुकला होता. गोदामांत साठलेला माल, भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाणारे कापड आणि गिरणीखालची जमीन, यांपैकी एकही रक्कम त्यात धरलेली नव्हती.

ही रुखरुख मी चाळीस वर्षांहून अधिक काळ बाळगून आहे. परंतु ‘असे झाले नसते तर’ या प्रश्नालाही एक शिस्त असते. अमेरिकेत रेल्वे नसती तर काय झाले असते, याचा हिशेब रॉबर्ट फोगेल यांनी 1964 च्या ग्रंथात मांडला. रेल्वेचे बरेचसे काम कालव्यांनी आणि नद्यांनी केले असते, असे त्यांना आढळले. एक घटना पुसली तर तिच्या जागी दुसरे काय आले असते, हे विचारल्यावाचून खंत करणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय.

तीच कसोटी येथे लावून पाहू. अहमदाबादेत 1982 साली असा संप झाला नाही. तेथे गांधीजींच्या प्रेरणेने उभी राहिलेली मजूर महाजनसारखी समन्वयवादी संघटना होती. तरीही 1980 आणि 1990 च्या दशकांत तेथील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. मुंबईच्या संपाने ऱ्हासाला वेग दिला, हे नाकारता येत नाही. पण संप नसता तर भोंगे आजही वाजत असते, हे मानण्यास आधार नाही. आणि वाजत असते तरी, कापसाची धूळ छातीत घेणाऱ्या आणि रोज दारात उभे राहून कामाची वाट पाहणाऱ्या बदली कामगाराचे जिणे आपल्याला परत हवे आहे काय? भजनी मंडळे आणि खाणावळी आठवताना आपण हे सोयीने विसरतो.

मग खंत करण्याजोगे काय उरते? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची. वाटाघाटींचा अधिकार कोणत्या संघटनेस द्यावयाचा, हे कामगारांच्या गुप्त मतदानाने न ठरविता सभासदसंख्येच्या नोंदीवर ठरविले गेले. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे असताना अधिकार मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. मतपेटी असती तर कदाचित तडजोडीस वाट सापडली असती.

दुसरी गोष्ट जमिनीची. गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांनी तिचे ढोबळमानाने तीन वाटे केले : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाचा. 2001 च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरते उरले. इमारतींखालची जमीन वाटणीतून निसटली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले. सोडतींतून घरे निघाली ती काही हजार. माझ्या आईचा अर्जही त्यांतच होता. घर मिळाले नाही. आता आईही नाही.

2001 साली मी प्राध्यापक होतो. ती दुरुस्ती समजण्याइतके शिक्षण मला वडिलांच्या मजुरीवर मिळाले होते. मी ती वाचलीदेखील नाही. 1982 साली मी अजाण होतो, त्याबद्दल स्वतःला क्षमा करू शकतो. 2001 बद्दल करू शकत नाही. तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी ती वाचली होती, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

संप झाला नसता तर, हे म्हणणे सोपे आहे. त्यात दोष नेहमी दुसऱ्याचा असतो. मला आपणांस सांगावयाचे आहे ते इतकेच, की नियमांतले बदल राजपत्रात छापून येतात आणि भोंगा न वाजविता अमलात येतात. ते वाचणारी चार माणसे प्रत्येक शाखेत असू द्या. वाचलेले वस्तीत जाऊन समजावून सांगा, मुदतीत हरकती नोंदवा. माझ्या हातून राहून गेलेले काम ते हेच.