भाग्यपत्रिकेंतील वाट

(नभोवाणीवरील भाषण)



धानाची कापणी आटोपली, कीं आमच्या झाडीपट्टींत मंडईचे दिवस येतात. रात्रीं दंडार किंवा नाटक, आणि दिवसां कुस्त्यांची आमदंगल. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील आपण सर्वांनीं ती लहानपणापासून पाहिली आहे. मैदान आंखतात, माती भिजवून भुसभुशीत करतात, आणि गांवचीं जाणतीं माणसें दोन गड्यांकडे नुसत्या डोळ्यांनीं पाहून त्यांची जोड लावतात. कुस्ती होते, एकाची पाठ मातीला लागते, दुसऱ्याला फेटा व रोख बक्षीस मिळतें, आणि विषय संपतो. हरलेला गडी अंगावरची माती झटकून लोकांत मिसळतो. त्याला कोणी हरविलें, आणि हरविणाऱ्यानें पुढें काय केलें, हें विचारण्याची आपल्याला संवयच नाहीं.

ही संवय नसल्यामुळें माझ्या हातून एकदां मोठी चूक झाली. ती मी पुढें सांगणारच आहें. आधीं थोडा विषय समजावून घेऊं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळामास्तरकींत जन्म घालविलेला मनुष्य. फळ्यावर आकृति काढल्याशिवाय मला बोलतां येत नाहीं, आणि नभोवाणीवर फळा नाहीं. म्हणून आपण मनांतल्या मनांत एक कागद धरावा.

त्या कागदावर एकाखालीं एक अशीं सोळा नांवें लिहा. दोन दोन नांवांच्या जोड्या करून प्रत्येक जोडींतून एक रेघ उजवीकडे काढा. आठ रेघा झाल्या. त्यांच्या पुन्हां जोड्या केल्या, कीं चार, मग दोन, मग एक. स्पर्धेची भाग्यपत्रिका ती हीच. नदीनाल्यांच्या मुलखांतील आपल्याला हें चित्र नवें नाहीं. नाले मिळून वैनगंगा वाढते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशीं तीही गोदावरींत जाते. ऑलिंपिकमध्यें आतां एका वजनगटांत सोळाच मल्ल असतात. सुवर्णपदक पाहिजे असेल, तर एकामागून एक चार कुस्त्या जिंकाव्या लागतात. त्या चौघांत कोण येतो, कोणत्या क्रमानें येतो, आणि आपल्यापर्यंत येतांना तो किती थकलेला असतो, हें सारें त्या रेघांवर अवलंबून. कांहीं मल्लांना पूर्वीच्या कामगिरीवरून मानांकन देऊन दूर दूर बसवितात. बाकीच्यांचें स्थान चिठ्ठीवर. भाग्यपत्रिका हें नांव ज्यानें ठेविलें, त्यानें विचार करून ठेविलें असावें.

आतां खाशाबा जाधवांकडे वळूं. सातारा जिल्ह्यांत कराडजवळ गोळेश्वर म्हणून गांव आहे. तेथें १९२६ सालीं त्यांचा जन्म झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते ५२ किलोंच्या गटांत उतरले. सारा जन्म मातींत गेलेला, गादीवरच्या कुस्तीचा सराव नाहीं, तरीही सहावा क्रमांक मिळविला. चार वर्षांनंतर हेलसिंकीला ५७ किलोंच्या गटांत जावयाचें, तर हातीं पैसा नाहीं. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

त्या काळीं आजच्यासारखी भाग्यपत्रिका नव्हती. हिशेब दोषगुणांचा होता. प्रतिस्पर्ध्याला चितपट केलें, तर दोषगुण शून्य. नुसता गुणांवर विजय मिळविला, तर जिंकूनही एक दोषगुण. आणि हार झाली, तर सामान्यतः तीन. पांच दोषगुण भरले, कीं मल्ल बाद. या हिशेबावर मी वर्गांत मुलांना उदाहरणें घालीत असें. खाशाबांनीं कॅनडाच्या एड्रियन पोलिकिनला १४ मिनिटें २५ सेकंदांत चितपट केलें. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला ५ मिनिटें २० सेकंदांत चितपट केलें. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवरचा विजय मात्र पंचांच्या दोनविरुद्ध एक अशा निकालानें. म्हणजे तीन कुस्त्यांअखेर खात्यावर दोषगुण किती? एक! तिन्ही कुस्त्या गुणांवर जिंकल्या असत्या, तर तीन झाले असते, आणि मग पुढची एकच हार मर्यादा ओलांडण्यास पुरेशी होती. पोलिकिनसारखी कुस्ती साडेचौदा मिनिटांच्या घरांत गेली असतां पुष्कळ मल्ल आघाडी राखून घड्याळाकडे पाहत राहतात. खाशाबांनीं तसें केलें नाहीं. त्यांच्या कांस्यपदकाचा पाया माझ्या मतें त्या १४ मिनिटें २५ सेकंदांत आहे.

पुढें जपानचा शोहाची इशी व सोव्हिएट संघाचा रशीद ममदबेयोव या दोघांकडून ते हरले. इशीनें सुवर्ण घेतलें, ममदबेयोवनें रौप्य. म्हणजे ज्यांनीं हरविलें ते दोघे पहिले व दुसरे, आणि तिसरे खाशाबा. पदकाच्या यादींत ‘तिसरा’ एवढेंच दिसतें; वाट पाहिली तर त्या तिसऱ्याची किंमत कळते. त्या दोन कुस्त्यांमध्यें नियमाप्रमाणें अर्धा तास विसांवा मिळावयास हवा होता, तो मिळाला नाहीं, आणि हरकत घेण्यास आपला एकही अधिकारी गादीजवळ नव्हता, असें त्यांच्या चरित्राविषयीं लिहिणाऱ्यांनीं सांगितलें आहे. नियम ठाऊक असलेला आपला मनुष्य कांठावर उभा नसणें, हें मला फार लागतें. कां, तें आतां सांगतों.

२००७ सालची गोष्ट. वैनगंगेकांठच्या एका गांवांत मी मास्तर होतों. माझ्या वर्गांत दहावीला एक गोंड मुलगा होता. अंगानें फार मोठा नव्हता. पण पकड अशी, कीं बैल दावणीला ओढून नेतांना त्याचे पाय सरकत नसत. तालुका झाला, जिल्हा झाला, आणि एका मोठ्या स्पर्धेसाठीं आम्ही दोघेच शहरीं गेलों. सकाळीं पहिलीच कुस्ती तो हरला. हरविणारा मुलगा चपळ होता, आणि आमच्या मुलाचा एक पाय दोनदां त्याच्या हातीं सांपडला. मीं मुलाच्या पाठीवर हात ठेविला, त्याला नाश्ता दिला, आणि म्हणालों, ‘‘चल, दुपारची एस्. टी. धरूं, नाहीं तर रात्र स्टँडवर काढावी लागेल.’’ तोही निमूटपणें निघाला. वाटेंत एवढेंच म्हणाला, ‘‘गुर्जी, मले त एकच कुस्ती भेटली.’’

आठ दिवसांनीं दुसऱ्या शाळेंतील एक स्नेही भेटले. ते म्हणाले, ‘‘अहो गुरुजी, तुम्ही होतां कोठें? तुमच्या पोराचें नांव तीनदां पुकारलें.’’ त्याला हरविणारा चपळ मुलगा अंतिम फेरींत गेला होता. नव्या नियमाप्रमाणें, अंतिम फेरीस पोंचणाऱ्या मल्लानें वाटेंत ज्यांना ज्यांना हरविलें, त्यांना कांस्यपदकासाठीं पुन्हां खेळण्याची संधि असते. तिला रेपेचाज फेरी म्हणतात. ती आमच्या हक्काची होती, आणि तिच्या वेळीं आम्ही एस्. टी.च्या खिडकींतून धानाचीं शेतें पाहत होतों. मीं हें मुलाला सांगितलें नाहीं. दहावीचें वर्ष आहे, उगीच मन खट्टू होईल, अशी माझी मीं समजूत घातली. खरें कारण निराळें होतें. मला लाज वाटत होती.

पुढच्याच वर्षीं, २० ऑगस्ट २००८ रोजीं, रोवणी आटोपलेली होती म्हणून आम्ही दहापांच माणसें ग्रामपंचायतीच्या खोलींत दूरचित्रवाणीपुढें बसलों होतों. तो मुलगाही होता. बीजिंगला ६६ किलोंच्या गटांत सुशीलकुमार आपली पहिलीच कुस्ती युक्रेनच्या आंद्री स्ताद्निककडून हरला. कांहीं माणसें उठून गेलीं. परंतु स्ताद्निक जिंकत जिंकत अंतिम फेरीला गेला, आणि सुशीलकुमारासाठीं रेपेचाजचें दार उघडलें. अमेरिकेचा डग श्वाब, बेलारूसचा आल्बर्ट बातिरोव आणि कझाकस्तानचा लिओनिद स्पिरिदोनोव, असे तिघे त्यानें ओळीनें हरविले, आणि कांस्यपदक मिळविलें. खाशाबांच्या नंतर कुस्तींतलें भारताचें पहिलें ऑलिंपिक पदक तें. मध्यें ५६ वर्षें गेलीं होतीं.

खोलींत आरडाओरडा चालला असतां तो मुलगा माझ्याकडे वळला. ‘‘हारला होता ना गुर्जी? मंग परत कसा काय आला?’’ मीं नियम सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, ‘‘मंग माहं नांव बी पुकारलं असन का?’’

मीं ‘होय’ म्हणालों. तीनदां पुकारलें, हेंही सांगितलें. तो रागावला नाहीं. रागावला असता तर बरें झालें असतें.

असो. त्या दिवसापासून कोणत्याही मोठ्या स्पर्धेची भाग्यपत्रिका मिळाली, कीं मी ती वहींत उतरवून घेतों व निकाल भरीत जातों. या नादांत जें दिसलें, त्यांतलें थोडें सांगतों.

आपल्या बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे २०१९ सालीं नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेंत ६१ किलोंच्या गटांत उतरला. उपांत्य फेरींत तो जॉर्जियाच्या बेका लोमताद्झेकडून हरला. तोच लोमताद्झे जगज्जेता झाला. दुसऱ्या दिवशीं आवारेनें अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असें हरवून कांस्य घेतलें. हा वजनगट ऑलिंपिकमध्यें नाहीं, म्हणून या पदकाचें व्हावें तितकें कौतुक झालें नाहीं, असें मला वाटतें. कागदावर वाट पाहिली, तर तें पदक कोणत्याही अंगानें हलकें नाहीं.

त्याच्या उलट बाजूही आहे. रेपेचाजचा न्याय अर्धाच आहे. ज्यानें आपल्याला हरविलें तो उपांत्य फेरींत पडला, तर आपलें दार बंद. मग आपण कितीही तोलामोलाचे असलों तरी उपयोग नाहीं. म्हणजे हरलेल्या मल्लानें दिवसभर आपल्याच वैऱ्याच्या जयासाठीं देव पाण्यांत घालून बसावयाचें! दोषगुणांची जुनी पद्धत या बाबतींत अधिक न्यायी होती. पण ती फार लांबे, आणि प्रेक्षकांना हिशेब कळत नसे. मला स्वतःला तीच आवडते, हें मी लपवीत नाहीं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें तर या रेघांनीं विलक्षणच खेळ केला. ५० किलोंच्या गटांत विनेश फोगाटची पहिलीच गांठ जपानच्या युई सुसाकीशीं पडली. आंतरराष्ट्रीय कुस्तींत सुसाकी तोंवर एकदांही हरली नव्हती. अशी चिठ्ठी निघाली, कीं बहुतेकजण कागद घडी करून ठेवतात. विनेशनें तिला ३-२ असें हरविलें, मग युक्रेनच्या ओक्साना लिवाचला ७-५, आणि क्युबाच्या युस्नेलिस गुझमानला ५-०. एका दिवसांत अंतिम फेरी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वजन १०० ग्रॅम अधिक भरलें, आणि ती स्पर्धेंतूनच बाद होऊन शेवटच्या क्रमांकावर गेली. तिच्याकडून हरलेली गुझमान तिच्या जागीं अंतिम फेरींत उभी राहिली. तिच्याकडूनच हरलेल्या सुसाकी व लिवाच कांस्यासाठीं लढल्या, आणि तें सुसाकीला मिळालें. जिनें ही सारी वाट पाडली, तिचेंच नांव वाटेवरून पुसलें गेलें. वजनाचा नियम मोडला हें खरें आहे, आणि नियम सर्वांना सारखा असावा हेंही खरें. तरी पहिल्या दिवशींच्या वजनांत नियमानें जिंकलेल्या तीन कुस्त्यांचा कांहींच मान राहूं नये, हें माझ्या मास्तरी बुद्धीला पटत नाहीं. वार्षिक परीक्षेला उशिरां आलेल्या मुलाची सहामाहीची गुणपत्रिका आम्ही फाडीत नसूं.

त्याच पॅरिसमध्यें, खाशाबांच्याच ५७ किलोंच्या गटांत, अमन सेहरावत उपांत्य फेरींत जपानच्या रेइ हिगुचीकडून ०-१० असा हरला. त्या रात्रीं सुमारें १० तासांत ४.६ किलो वजन उतरवून तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां गादीवर आला, आणि पोर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला १३-५ असें हरवून त्यानें कांस्य घेतलें. हिगुचीनें सुवर्ण जिंकलें. हाच हिगुची २०२१ सालीं पात्रता स्पर्धेंत अवघे ५० ग्रॅम वजन अधिक भरल्यामुळें बाद झाला होता. सराफाच्या तराजूंत मोजण्यासारखे हे ५० व १०० ग्रॅम. आमदंगलींत जोड लावणाऱ्यांच्या डोळ्यांना ते कसे दिसावेत?

म्हणून आपल्या भागांतील पालकांना व माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती आहे, कीं मुलाला घेऊन स्पर्धेला गेलां, तर भाग्यपत्रिकेची एक प्रत मागून घ्या. मुलगा हरला, तर ज्यानें हरविलें त्याच्या नांवाखालीं पेन्सिलीनें खूण करा, आणि तो मुलगा पडेपर्यंत मैदान सोडूं नका. एस्. टी. गेली तर जाऊं द्या. स्टँडवर एक रात्र काढली, तर कोणी मरत नाहीं.

माझा तो विद्यार्थी आतां संसारी आहे. शेती करतो, आणि तेंदूपानांच्या हंगामांत जंगलांत जातो. यंदां आमच्या गांवच्या मंडईंत आमदंगलीबरोबर लहान मुलांच्या कुस्त्या भाग्यपत्रिकेवर घ्यावयाच्या, असें ठरलें आहे. सोळा मुलें, एकच वजन, रेपेचाजसह. कागद मीं आंखून दिला आहे, आणि नांवें पुकारण्याचें काम त्यानें आपण होऊन मागून घेतलें आहे. वजन सकाळीं सात वाजतां, धानाच्या कांट्यावर होईल.