स्मरणचित्राचा पेपर



एलिमेंटरी परीक्षेची तयारी चालली होती. सरावासाठी स्मरणचित्राचा विषय होता, पालखी. आपल्याला तो सोपाच. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून दर वर्षी आपल्या पाटसमधूनच रोटी घाटाकडे जाते. मी झटपट वारकऱ्यांची रांग काढली. सरांनी विचारलं, "यांचे पाय कुठं गेले रे?" पाय काढायला अवघड, म्हणून मी सगळ्यांच्या पुढं गवत उगवलं होतं! सर रागावले नाहीत. "यंदा पालखी आली की नुसते पाय बघ," एवढंच म्हणाले.

मी बघितले. भेगाळलेले, चिंध्या बांधलेले, घाट चढताना चवड्यांवर आलेले. जन्मापासून बघत होतो ती वारी मला त्या वर्षी दिसली.

आता माझी चूक सांगतो. माझी मुलगी नववीत इंटरमिजिएटला बसते म्हणाली, तेव्हा मी 'अभ्यास बुडेल' म्हणून नको म्हणालो. मग कळलं, अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढून मिळतात. लगेच फॉर्म भरला. गुण मिळाले आणि रंगपेटी माळ्यावर गेली. तिनं नाही ठेवली, मी ठेवली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील, तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. म्हणजे कायदाही अर्ध्या वेळेवर थांबतो. उरलेला अर्धा वेळ आपण द्यायचा का?

आपल्यातले काही जण पखवाज वाजवतात, काहींना लेझीम येते, कुणाची रांगोळी बघायला सगळी आळी लोटते. महिन्यातला एक शनिवार शाळेला देऊ. पुरस्कार नको, गुण नकोत. आणि पालखीच्या दिवशी मुलांच्या हातात वाटायला बिस्किटपुडे देतो, तसा एक कोरा कागद नि पेन्सिलही देऊ. वारीचं पाणी वाटणारी मुलं आपल्याकडं पुष्कळ आहेत; वारी डोळ्यांत साठवणारीही हवीत.

रंगपेटी मी गेल्या महिन्यात खाली काढली. रंग वाळले होते, नवे आणले. मुलीनं अजून हात लावलेला नाही. मी वाट बघतोय.

सर, पाय मला अजून नीट जमत नाहीत. पण गवत काढत नाही.