मजुरीचा हिशेब झाला, घरातला राहिला
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गावात कोणी वही-पेन घेऊन आले की आपण पहिल्यांदा विचारतो, "कोणत्या योजनेचे?" योजना नसली की उठून कामाला लागतो. आज ज्या बाईंबद्दल बोलायचे आहे, त्यांच्याकडे योजना नव्हती. अमृता बसू त्यांचे नाव. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या, म्हणजे बाबासाहेब शिकले तिथल्याच, त्या डॉक्टरेट. अभ्यासाला त्यांनी दोन मुलूख घेतले. एक पश्चिम बंगाल, दुसरा आपला, तेव्हाचा धुळे जिल्हा. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ साली.

आपल्याकडे त्यांना आणले शहाद्याच्या लढ्याने. आदिवासींच्या जमिनी कर्जापोटी, अंगठे घेऊन गेल्या होत्या. काल जो धनी होता तो त्याच रानात सालदार झाला. पीक संरक्षणाच्या नावाखाली राखणदारांच्या काठ्या चालत. अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले, १९७२ साली श्रमिक संघटना झाली. आपल्यातल्या काहींचे बाप तेव्हा बांधाच्या अलीकडे होते, काहींचे पलीकडे. ते आज लपवून उपयोग नाही.

मजुरी किती वाढली, जमीन किती सुटली, हे हिशेब पुरुषांनी ठेवले. बसूंनी विचारले ते दुसरेच : या लढ्यात बाई कुठे होती आणि घरी गेल्यावर तिचे काय झाले? शहाद्याच्या बाया मोर्चात पुढे होत्याच. पण तिथे थांबल्या नाहीत. दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या, मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला. मजुरीचा पैसा गुत्त्यात जात असेल तर मजुरी वाढून काय मिळाले, असा साधा सवाल होता तो.

बंगालमध्ये १९७७ पासून डाव्यांचे राज्य होते. बटाईदारांच्या नोंदी झाल्या, मोठे काम झाले. पक्षाची महिला संघटनाही मोठी होती. तरी घरातल्या मारहाणीचा प्रश्न तिथे मागे पडला. १९९२ च्या पुस्तकात बसूंनी कारण मांडले ते असे, की राज्य सांभाळणारा पक्ष बायांना आवरून धरतो. इथली संघटना सत्तेबाहेर होती आणि आदिवासी बाईला समाजात थोडी मोकळीकही होती.

आम्हाला हे बरेचसे पटते, सगळे नाही. सत्तेबाहेर तर आपणही आहोत. म्हणून आपल्या सातबाऱ्यावर बाईचे नाव आपोआप चढले काय? शेजारच्या जळगाव जिल्ह्यात विटनेरच्या शेतकऱ्यांनी लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावे जमिनी केल्या, ते ठरवून केले. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर लिहूनच ठेवले आहे, की लग्न झालेल्या दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा. धडगाव, अक्कलकुव्याच्या किती बहिणींनी तो कागद हातात घेऊन पाहिला आहे? पेटीची किल्ली कोणाच्या कमरेला असते?

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना ज्यांना पट्टा मिळाला त्यांनी पट्टा आणि बाकीच्यांनी सातबारा आणावा. जोडीने यावे. वाचून दाखवायला शाळेतली पोर सोबत आणली तरी चालेल. ज्या कागदावर एकच नाव निघेल, त्याचा अर्ज तिथेच लिहू.