दुसरी जोडी म्हणजे भरपाई नव्हे

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



जमीन, वेतन आणि पाणी यांचे लढे उभे असताना डोळ्यांतील लेन्सची चर्चा ही चैन आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. मलाही आरंभी तसेच वाटले होते. आपल्याच एका सहकाऱ्याच्या मुलीची हकीकत ऐकली आणि माझे मत बदलले.

ही मुलगी कामोठ्याला राहते आणि ऐरोलीच्या एका कार्यालयात रात्रपाळीत संगणकावर काम करते. एका नेत्रसेवा केंद्रातून तिने कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. तेथे चष्म्याचा नंबर तपासला गेला. बुबुळाची गोलाई मात्र मोजली गेली नाही. पापणी मिटताना लेन्स किंचित सरकते की चिकटून बसते, हेही कोणी पाहिले नाही. डोळे लाल होऊ लागले तेव्हा ती परत गेली. ‘सवय होईल’ असे उत्तर मिळाले. पुढे बुबुळावर जखम झाली, तीन आठवडे काम बुडाले आणि जखम भरल्यावरही बारीकसे फूल मागे राहिले. मग केंद्राने औदार्य दाखविले : दुसरी जोडी विनामूल्य, मात्र ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही हवी.

बुबुळावरील पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थराद्वारे. लेन्स घट्ट बसली की तिच्याखालचे अश्रू खेळते राहत नाहीत, पटल गुदमरते आणि जंतूंना वाट मिळते. म्हणूनच गोलाईचे व व्यासाचे माप, चाचणीची लेन्स घालून केलेली पाहणी आणि काही दिवसांनी फेरतपासणी ही कोणाची मेहेरबानी नसून सेवेचेच अंग आहे. त्या मुलीने पैसे मोजले ते या दक्षतेचेही.

ही दक्षता कायद्यानेही मानली आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. 1953 साली पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. पुण्यात उपचार चालू असताना तो दगावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने तो 1968 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. भरपाई अवघी तीन हजार रुपये. परंतु रुग्ण स्वीकारताना, उपचार ठरविताना आणि उपचार करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर वैद्यकाचे दक्षतेचे कर्तव्य असते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा आला. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते असे ठरविले. 2019 च्या नव्या कायद्यातून ही सेवा वगळली गेल्याचा दावा डॉक्टरांच्या एका संघटनेने केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो 2021 साली फेटाळला आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला.

तेव्हा दार उघडे आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. कामोठे रायगड जिल्ह्यात, ऐरोली ठाण्यात. या मुलीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. कायद्याची अपेक्षा काही महिन्यांत निकालाची आहे. प्रत्यक्षात अनेकदा वर्षे जातात, हेही आपण तक्रारदारापासून लपवू नये.

आणखी एक गोष्ट लपवू नये. डोळा दुखावला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असे न्याय मानत नाही. सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर असतो. लेन्स घालून झोपणे, ती नळाच्या पाण्याने धुणे, अशा चुका आपल्या बाजूने झाल्या असतील तर त्याही विचारल्या जातील. म्हणून पावती, लेन्सचे वेष्टन, नोंदीच्या प्रती जपाव्यात. दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाकडून लेखी अभिप्राय घ्यावा. बुडालेल्या पगाराचा दाखला जोडावा. गोलाईच्या मापाची नोंदच कागदावर नसेल, तर ती अनुपस्थितीही बोलकी असते.

आपल्या माणसांची अडचण कायद्याच्या अज्ञानापेक्षा संकोचाची अधिक आहे. ‘शिकल्यासवरल्या माणसांशी कोठे भांडायचे?’ असे त्या मुलीची आईच म्हणाली. जो गिरणीमालकापुढे मान ताठ ठेवी, तो कामगारही पांढऱ्या कोटापुढे हात जोडतो. ज्ञानाचा आदर जरूर करावा. परंतु ज्ञान आणि दुकानदारी एका छपराखाली नांदू लागली की आदराबरोबर हिशेबही मागावा लागतो. प्रामाणिक नेत्रतज्ज्ञाला या हिशेबाचे भय नाही. जो घाईने माप टाळून विक्री वाढवितो, त्याच्याशी स्पर्धा करताना खरे तर त्याचीच पिछेहाट होत असते.

त्या मुलीने अद्याप कागदावर सही केलेली नाही. दुसरी जोडी त्याच न मोजलेल्या डोळ्यावर बसणार आहे, हे तिला कळले आहे. तिची तक्रार लिहून काढण्यासाठी पुढच्या रविवारी आपल्यापैकी दोघांनी तिच्याबरोबर बसावे, एवढीच माझी विनंती आहे.